खिंड आधी, मग शेळी

लुमोत्सोला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि हे ती अशा ताठ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटावी. कागदावर अंगठा उठवायची वेळ आली की ती आधी अंगठ्याकडे बघायची, मग कागदाकडे, आणि म्हणायची, "माझा अंगठा खरा आहे. वर काय लिहिलंय ते तुमचं तुम्ही जाणा." मी आमच्या खोऱ्यातला ढोरांचा डॉक्टर, म्हणजे सरकारी नोकर. असले कागद बहुतेक वेळा माझ्याच हातात असायचे, त्यामुळे टोमणाही मलाच बसायचा.

ती साठीला टेकलेली, अंगाने थोराड, आणि राग कायम नाकावर. नवरा लवकर गेला. मुलगा आणि सून दूर खाली रस्त्याच्या कामावर. तिच्यापाशी एक काळा तंबू, तीस द्री आणि युद्रोन नावाची नात एवढंच होतं. द्री म्हणजे याकची मादी. 'याकचं दूध' मागणारा माणूस भेटला की आमच्याकडची पोरं पोट धरून हसतात, कारण याक नर असतो आणि तो दूध देत नाही. मी लुमोत्सोला 'अचे' म्हणायचो, म्हणजे ताई. पोरं तिला 'आयी' म्हणत, म्हणजे आजी. मला म्हणत 'अखु', काका.

पूर्वी खोऱ्याच्या तोंडाशी एका खोलीची शाळा होती. मास्तर आमचा, भाषा आमची. एके वर्षी तिला कुलूप लागलं आणि मुलांना पाचव्या वर्षीच तालुक्याच्या वसतिगृहात न्यायचं ठरलं. आईबापांना कोणी विचारलं नाही. तिथे सगळं चिनीतून: धडे, जेवणाची रांग, रडणाऱ्याला गप्प करणंसुद्धा. मुलं उन्हाळ्यात चाळीस दिवस घरी यायची आणि दर वर्षी थोडी कमी आमची होऊन यायची. शेजारच्या खोऱ्यातल्या एका भिक्षूने सुट्टीत आठ-दहा पोरं जमवून आपली अक्षरं शिकवायला घेतली, तर पाचव्या दिवशी त्याला गाडीत घालून नेलं. तो कुठे आहे ते त्याच्या आईला अजून कोणी सांगितलेलं नाही.

युद्रोन आठ वर्षांची असताना, सुट्टीला आली आणि तापाने फणफणली. लुमोत्सोने मला बोलावणं पाठवलं. मी म्हटलं, मी ढोरांचा डॉक्टर. निरोप्या म्हणाला, तुम्हाला चिनी येतं म्हणून बोलावलंय.

तंबूत गेलो तर पोर चुलीपाशी अंगाची जुडी करून पडलेली, आणि आजी तिच्यावर वाकून मोठमोठ्याने बोलत होती. लुमोत्सोचा आवाज असा की ती लाडाने बोलली तरी पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं मान वर करतात. ती मला म्हणाली, "हिला विचार, कुठे दुखतंय. मी सकाळपासून विचारतेय, ही भलतंच बोलते."

मी चिनीत विचारलं. पोरीने माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली की दुखत कुठेच नाही, पण आजीला विचारा, ती माझ्यावर एवढी का चिडलीय.

मी ते लुमोत्सोला सांगितलं. ती सकाळपासून त्या पोरीला 'माझी वासरी, माझं लोणी' म्हणत होती. ती पोरीपासून हातभर मागे सरकून बसली. मग मी दोघींच्या मधे बसून दिवसभर इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहिलो. आजी आणि नातीच्या मधे दुभाषा, तोही ढोरांचा डॉक्टर.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी निघालो तेव्हा लुमोत्सो घोड्यापर्यंत आली आणि लगाम धरून उभी राहिली.

"नोर्ग्ये, मला अक्षरं पाहिजेत," ती म्हणाली.

"तुला? या वयात?"

"बोलणं मी तिला चाळीस दिवसांत शिकवीन, आणि ती तिकडे गेली की ते सांडून जाईल. पण दप्तरातलं लिहिलेलं ती विसरत नाही, मी बघितलंय. आपलं लिहिलेलं तिच्यापाशी पाहिजे. माझ्याकडे अक्षरं नाहीत. तुझ्याकडे आहेत."

मी कानांवर हात ठेवले. भिक्षूची आठवण करून दिली, माझ्या नोकरीची आठवण करून दिली, घरातल्या आजारी आईचं नाव घेतलं. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. ती म्हणाली, "बरं," आणि लगाम सोडला. लुमोत्सो इतक्या सहज 'बरं' म्हणते तेव्हा माणसाने सावध व्हावं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतरच्या वर्षभरात मी तिच्याकडे आठ-नऊ वेळा गेलो. कधी खुरकूत, कधी हगवण, कधी उगाच. दर वेळी लोण्याचा चहा पुढे ठेवून ती म्हणायची की म्हातारी झाले, मरताना ओठांवर पवित्र अक्षरं असली तर पुण्य लागतं म्हणतात, जरा चार सांग की. जास्त नको, डोक्यात मावत नाहीत. मीही सांगायचो. मरणाऱ्या बाईला अक्षर सांगणं हा काही गुन्हा नव्हे. आमची अक्षरं तीस, चार-चारच्या ओळींत, शेवटच्या ओळीत दोन. क ख ग ङ, च छ ज ञ, अशी. सातवी ओळ तिने विचारली तेव्हा एक द्री अडली होती आणि माझा हात कोपरापर्यंत तिच्या पोटात होता. वासरू आडवं आलेलं. माझ्या तोंडाला फेस आलेला, आणि ही बाई माझ्या कानाशी, "मग? पुढची चार?" मी ओरडूनच सांगितली आणि वासरू ओढलं. दोघं जगली.

पुढच्या उन्हाळ्यात मी लसी टोचायला तिच्या तळावर गेलो. संध्याकाळची वेळ, द्री चरून परतायच्या बेतात. माझी नजर जमिनीवर गेली आणि मी घोड्यावरून उतरायचंच विसरलो. आमच्याकडे गुरं बांधायला एक लांबलचक दावण जमिनीवर ठोकलेली असते, फार तर दोन. लुमोत्सोच्या तंबूपुढे आठ दावणी होत्या. सात दावणींना चार-चार दावी, आणि आठवीला दोनच.

मग युद्रोन आणि आजूबाजूच्या तंबूंतली दहा-बारा पोरं, सगळी वसतिगृहातून सुट्टीला आलेली, गोफणी घेऊन द्री हाकत आली. लुमोत्सो पहिल्या दावणीपाशी उभी राहिली आणि तिने हाक घातली, "क... कार्मो!" पोरं मागोमाग ओरडली, "क... कार्मो!" पांढरी द्री संथपणे येऊन आपल्या दाव्यापाशी उभी राहिली. "ख... खावा!" दुसरी आली. "ग... गाक्यी!" तिसरी आली. "ङ... ङा!"

आमच्या भाषेत 'ङा' म्हणजे 'मी'. त्या अक्षराला साजेसं दुसरं नाव तिला सापडलं नव्हतं. त्यामुळे खोऱ्यात एक म्हातारी रोज संध्याकाळी "मी, ये गं, मी, कुठे उलथलीस" असं ओरडत होती आणि पोरं हसून लोळत होती. सगळ्या तीस द्री बांधून होईपर्यंत मी तसाच घोड्यावर.

"अचे," मी खाली उतरून हळूच म्हणालो, "तू मला फसवलंस."

"मी कशाला फसवू? वर्ग भरवायला बंदी आहे. गुरांना हाका मारायला कधीपासून बंदी आली?"

मी जाणतेपणाचा आव आणून सांगितलं की कार्मो हे नाव लिहिताना आधी एक मुका 'द' लागतो, म्हणजे ते 'क'चं नाव होतच नाही. ती म्हणाली की माझी द्री मुकी अक्षरं ऐकत नाही, जे ऐकू येतं त्याला येते. मग मला सातव्या दावणीतली चूक दिसली. 'र' आणि मग 'ल' असं हवं. तिथे आधी 'ल'ची लाखा उभी होती आणि मग 'र'ची राचो. मी म्हटलं, हे उलटं आहे. आमच्या भाषेत 'ल' म्हणजे खिंड आणि 'र' म्हणजे शेळी, हे तर तिलाही कळत होतं.

"उलटं कसं? खिंड आधी, मग शेळी. खिंड ओलांडल्याशिवाय शेळी येईल कुठून?"

"अगं, तुझ्या सोयीने नाही चालत ते. हजार वर्षांचा क्रम आहे."

"मग तूच येऊन राचोला लाखाच्या जागी बांध. बांधून दाखव."

हे तिने बरोबर धरलं होतं. द्रीची दावणीतली जागा एकदा ठरली की ठरली. बदलायला गेलात तर शिंगाला शिंग लागतं आणि दुधाचा थेंब मिळत नाही. शिवाय पोरांच्या तोंडी आता तेच बसलं होतं. "तूच कुठेतरी चुकीचं ऐकलंस," मी म्हणालो, आणि पुढची कित्येक वर्षं मी हेच म्हणत आलो.

तिचं खरं अडलं होतं ते वेगळंच. आवाज तिच्याकडे आले होते, आकार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला शेणापुढे बसवलं. आमच्याकडे ताजं शेण जमिनीवर हाताने पातळ थापतात, उन्हात वाळलं की तेच सरपण. तिने तीस गोवऱ्या थापल्या आणि म्हणाली, काढ. मी आजूबाजूला बघितलं. डोंगरावर कोणी नव्हतं. युद्रोन समोर उकिडवी बसून माझ्या बोटाकडे टक लावून होती. तिला मी माझ्या आजारी आईचं कारण सांगू शकलो नाही. मी बोट शेणात घातलं आणि 'क' काढला.

त्या उन्हाळ्यात खोऱ्यातली पोरं शेणाला चटावली म्हणून आया कौतुक करत होत्या. सकाळी उठून सगळी थापायला बसायची. स्वरांच्या खुणा अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी येतात, त्यांना लुमोत्सोने 'शिंगं' आणि 'खूर' अशी नावं दिली. दोन दिवसांत गोवरी वाळायची, तिसऱ्या दिवशी चुलीत जायची आणि अक्षराचा चहा व्हायचा. ज्या पाटीची राख होते ती पाटी कोण पकडणार?

सुट्टीचा शेवटचा आठवडा उरला असताना वरून हुकूम आला. गवत वाचवायचं आहे, दर घरामागे पंधराच्या वर द्री ठेवायच्या नाहीत. जास्तीच्या द्री तपासणीनंतर दहा दिवसांनी ट्रकमध्ये घालून नेणार. लुमोत्सोकडे तीस. म्हणजे निम्मी अक्षरं खाटकाकडे.

तपासणीला एक मोठे साहेब आले, ते चिनी. बरोबर तामद्रिन नावाचा तरुण कारकून, तो आमचाच, पण चार दिवस लांबच्या मुलखातला, इस्त्रीच्या शर्टातला आणि आमच्याशीसुद्धा चिनीत बोलणारा. आणि खुरं-दात बघायला मी. नेमके आम्ही पोचलो संध्याकाळी. साहेबांच्या गाडीपुढे वाट दाखवताना मी दोनदा घोडा मुद्दाम हळू केला, पण साहेबांना उशीर चालत नव्हता. पोरं द्री घेऊन उतारावरून येतच होती.

मला वाटलं, लुमोत्सो आज तरी हाका मारणार नाही. पण द्री सवयीच्या. हाक आल्याशिवाय एकही दावणीला लागेना, सगळ्या घोळका करून उभ्या राहिल्या आणि वासरं हंबरायला लागली. लुमोत्सोने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा युद्रोनकडे, आणि पदर खोचावा तशी बाही मागे सारून तिने हाक घातली, "क... कार्मो!"

पोरं क्षणभर थांबली. मग युद्रोनने एकटीने ती हाक उचलली आणि मागून बाकीच्यांनी. साहेब गंमत बघत होते. त्यांनी विचारलं, आठ दावणी कशाला? मी तिचं उत्तर चिनीत सांगितलं की चार-चार बांधल्या की भांडत नाहीत. साहेबांनी मान हलवली. दुसरी दावण झाली, तिसरी झाली. मी तामद्रिनकडे बघायचं टाळत होतो, पण नजर तिकडेच जात होती. त्याचा चेहरा मख्ख होता. सहावी दावण लागली.

"ल... लाखा!" लुमोत्सो ओरडली.

"र," तामद्रिन म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. आमच्या भाषेत. लहानपणी ज्याने ती ओळ रोज आईच्या मांडीवर घोकली असेल त्याला तिथे 'ल' ऐकून गप्प बसवतच नाही. आमच्यातला कोणीही तिथेच ठेचकाळला असता. तामद्रिनचे कान लाल झाले. त्याला काय ऐकू येत होतं हे आता त्यालाही कळलं, आम्हालाही कळलं, आणि आम्हाला कळलं हे त्याला कळलं.

साहेबांनी विचारलं, काय म्हणालास?

तामद्रिनने घसा साफ केला. 'र' म्हणजे शेळी. तो चिनीत म्हणाला, "काही नाही साहेब. हिच्याकडे शेळ्या आहेत का, ते विचारलं."

"नाहीत शेळ्या," लुमोत्सो लगेच म्हणाली, मी भाषांतर करायच्या आधीच. चिनीतला शेळीचा शब्द तिला तपासण्यांमुळे ठाऊक होता, आणि तो सूरही कळला होता. मग तिने आवाज खाली आणला, आणि तिचा आवाज खाली येतो हेही मला त्या दिवशीच कळलं. "आईने नीट शिकवलंय रे तुला, बाळा. पण आमच्याकडे खिंड आधी येते."

उरलेल्या हाका पूर्ण झाल्या. साहेबांनी तिला अंगठा उठवायला सांगितलं, तिने उठवला, अंगठा खरा आहे हे सांगायलाही ती विसरली नाही. निघताना साहेब गाडीत बसल्यावर तामद्रिन मागे वळला आणि हुकूम समजावून देतो आहे अशा कोरड्या, चढ्या आवाजात, आमच्या भाषेत म्हणाला, "नीट ऐकून घ्या. कोणत्याही घरात पंधराच्या वर नकोत. ज्या घरात कमी आहेत त्यांच्याबद्दल हुकुमात काही नाही. ट्रक दहा दिवसांनी येईल."

आमच्या खोऱ्यातली बाकीची सातही घरं पंधराच्या आतली होती.

लुमोत्सोने दुसऱ्या दिवसापासून द्री वाटायला सुरुवात केली. विकल्या नाहीत, दिल्या. अट एकच: नाव बदलायचं नाही, आणि रोज संध्याकाळी बांधताना त्या नावाने खणखणीत हाक मारायची. मी तिला म्हटलं की निदान भाकड दे, दुभत्या ठेव. ती म्हणाली, "भाकड द्रीला हाक कोण मारेल प्रेमाने? दुभतीच द्यायला पाहिजे." कार्मो गेली, लाखा गेली, राचो गेली. एका घरच्या म्हाताऱ्याने भीतीने नको म्हटलं, पण ती दारातून हलेपर्यंत त्याच्या सुनेने दावं हातात घेतलं होतं. ट्रक आला तेव्हा खोऱ्यात एकाही घरात सोळावी द्री नव्हती. ड्रायव्हरला आम्ही चहा पाजला आणि तो रिकामा ट्रक घेऊन गेला.

निम्मी दौलत तिने आठ दिवसांत वाटून टाकली होती, हे मी हसत हसत सांगतोय, पण तो हिवाळा तिने बिनलोण्याच्या चहावर काढला. त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, नुसतं चहात कालवून खायची. मी एकदा लोण्याचा गोळा घेऊन गेलो तर म्हणाली, तुझ्या आईला दे. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

पुढच्या उन्हाळ्यात पोरं परत आली आणि तेव्हा खरा तमाशा झाला. अक्षरं आता आठ तंबूंत पांगली होती. ती पुरी करायची तर पोरांना संध्याकाळी खोरंभर पळावं लागायचं. आणि मोठी माणसं? ज्या घरात दोन-तीनच द्री गेल्या होत्या, त्यांना आपली हाक कधी मारायची ते कळण्यासाठी आधीच्या घराकडे कान लावावा लागे. वरच्या तंबूतून "क... कार्मो!" आली की पलीकडून "ख... खावा!", मग ओढ्याकाठून "ग... गाक्यी!", आणि मग लुमोत्सोचा आवाज, "ङ... ङा!" तीस हाका आठ घरांतून फिरून शेवटच्या 'अ'पर्यंत पोचायच्या. पंधरा दिवसांत खोऱ्यातल्या बाप्यांना, बायांना, ज्यांनी जन्मात पाटी बघितली नव्हती अशा म्हाताऱ्यांनासुद्धा सगळी ओळ पाठ झाली. ज्याने आधी नको म्हटलं होतं तो म्हातारा तर दुसऱ्याची हाक उशिरा आली की आपल्या तंबूतून शिव्या घालायचा. हुकूम काढणाऱ्याने एका म्हातारीची शाळा निम्मी करायला घेतली होती, तिची आठपट झाली.

युद्रोन त्या वर्षी नऊ-दहा वर्षांची. ती रोज पहिल्या हाकेबरोबर निघायची आणि शेवटच्या हाकेला धापा टाकत परत यायची. आजीशी बोलायला तिला आता माझी गरज नव्हती. मी गेलो की ती दोघींच्या मधे मला बसूच देत नसे.

हिवाळ्यात वसतिगृहातून परतणाऱ्या एका बाईच्या हाती युद्रोनने आजीसाठी एक लोकरी मोजा पाठवला. मोज्यात बोटभर कागद होता. मी तेव्हा तिथेच होतो, लंगडणाऱ्या द्रीच्या पायाला पट्टी बांधत. लुमोत्सोने कागद उलगडला. मी हात पुसून सवयीने पुढे केला. सगळे कागद मीच वाचायचो ना.

"थांब," ती म्हणाली.

तिने कागद लांब धरला, जवळ धरला. मग दावणीकडे बघितलं आणि बोट कागदावर ठेवलं.

"ही ङा आहे," ती म्हणाली. "नोर्ग्ये, ही आपली ङा. हिच्यानंतर 'अ'. शेवटच्या दावणीतली. मग ही 'य', हिच्या डोक्यावर एक शिंग आहे." ती थांबत थांबत एकेका द्रीला हाक मारत पुढे गेली, दोनदा चुकली, मागे आली. कागदावर पाच-सहाच अक्षरं होती. लिहिलं होतं: मी आयीची.

लुमोत्सोने एकसष्टाव्या वर्षी वाचलेलं हे पहिलं वाक्य. ती मोठ्याने रडली, लुमोत्सोच्या आवाजात, आणि मीही रडलो. पलीकडच्या तंबूतून कोणीतरी ओरडून विचारलं की काय झालं, कोण गेलं? ती ओरडली, "कोणी गेलं नाही! मी वाचतेय!"

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. युद्रोन आता शहरातल्या दवाखान्यात परिचारिका आहे. डोंगरातून खाली आलेल्या म्हाताऱ्यांना ती आपल्या भाषेत विचारते की कुठे दुखतंय. त्यांना किती बरं वाटत असेल ते मला नीट माहीत आहे.

गेल्या शरदात औषधं आणायला मी त्याच शहरात गेलो होतो. स्टँडजवळच्या खाणावळीत शेवयांचा गरम थुक्पा मागवून बसलो. शेजारच्या टेबलावर एक अनोळखी बाई, पंचविशीची, मांडीवर तीन वर्षांचं पोर. टेबलावर चहा सांडला होता आणि ती पोराचं बोट धरून त्या ओल्यात काहीतरी काढत होती. ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "...य. ल... लाखा. र... राचो. श..."

माझा चमचा वाडग्यातच राहिला. मी विचारलं, बाई, गाव कुठलं? तिने सांगितलेलं गाव आमच्यापासून गाडीने दोन दिवसांवर. तिथे मी कधी गेलो नाही, आमच्या खोऱ्यातलं कोणी गेलं नाही. मी विचारलं, ही अक्षरं कोणी शिकवली? तिने दाराकडे एकदा बघितलं, माझ्या वासाकडे लक्ष गेलं असावं, गुरांचा वास लपत नाही, आणि ती जरा सैल झाली. वसतिगृहात एका मैत्रिणीने, ती म्हणाली. तिला तिच्या मैत्रिणीने. पहिली कोण ते कोणालाच माहीत नाही.

"आणि लाखा, राचो ही कोण?"

"कोण म्हणजे? अक्षरांची नावं आहेत ती."

मला हसू आवरेना. उगाच खोड काढायची म्हणून मी म्हटलं, "पण बाळ, आधी 'र' असतं आणि मग 'ल'."

तिने माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "नाही हो, अखु. खिंड आधी, मग शेळी."

मी थुक्पा तसाच टाकला आणि संध्याकाळची गाडी धरली. दोन दिवसांनी लुमोत्सोच्या तंबूत पोचलो. ती आता पंचाहत्तरीच्या घरात आहे, गुडघे गेलेत, आवाज गेलेला नाही. मी तिला सगळं सांगितलं. आणि मग जे इतकी वर्षं गिळून बसलो होतो तेही सांगितलं. अडलेल्या द्रीपाशी, घाईत, दोन अक्षरं उलटी सांगितली होती ती मीच. तिने चुकीचं ऐकलंच नव्हतं. मला हे पहिल्याच दिवशी, सातवी दावण बघितली तेव्हाच आठवलं होतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा हात कुठे होता ते मीच बघत होते."

"मग बोलली का नाहीस? माझी चूक आता दोन दिवसांच्या वाटेवर जाऊन पोचलीय. उद्या आणखी पुढे जाईल."

लुमोत्सोने माझ्या वाटीत लोण्याचा चांगला मोठा गोळा टाकला.

"अरे वेड्या, त्या बाईने बरोबर म्हटलं असतं, तर ती आपली आहे हे तुला कळलं असतं का?" ती म्हणाली. "पी तो चहा. आणि मग जरा 'मी'चा पाय बघ, सकाळपासून लंगडतेय."